देवदत्तच्या समोरचं दुकान

उल्हासनगर कॅम्प पाचच्या टेम्पो नाक्यावर नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला दोनच गोष्टी शिकवत. ट्रॅफिक पोलीस कुठल्या कोपऱ्याला उभा असतो ती एक, आणि संजूताईसमोर देवदत्तचं नाव काढायचं नाही ही दुसरी. पहिली चुकली तर चलान फाटायचं. दुसरी चुकली तर काय व्हायचं, ते ज्याच्या नशिबी आलं त्यालाच विचारावं.

संजूताई म्हणजे संजीवनी. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, केस करकचून बांधलेले, आणि खिशात टेस्टर. नाक्यावर तिची टपरी होती आणि टपरीच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, देवदत्तचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. हा योगायोग नव्हता. शेजारच्या गल्लीत रिकामी जागा होती, तिथे झाडाची सावलीसुद्धा होती. पण तिथून देवदत्त दिसत नव्हता. म्हणून बाईने भर उन्हातली जागा घेतली. तिला तो रोज दिसायला हवा होता, आणि त्याहून जास्त, तिला त्याच्या डोळ्यांसमोर रोज उभं राहायचं होतं.

टपरीवर लाल अक्षरांत पाटी लावलेली होती: 'समोरून आलात? ब्रेक लाईट फुकट तपासून मिळेल.'

नाक्यावरची माणसं काही कमी खोडसाळ नव्हती. देवदत्तकडून काम करून घ्यायचं आणि मजा बघायला रस्ता ओलांडून संजीवनीकडे गाडी आणायची, हा त्यांचा खेळच झाला होता. ती ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगून गाडीच्या मागे उभी राहायची आणि काही सापडलं की पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची, "डावा मंद आहे! आत्ताच करून आणलाय ना?" सगळं ठीक असलं तर मात्र चहात कुणी मीठ टाकल्यासारखा चेहरा करून "जा" म्हणायची.

देवदत्त कधी उलटून बोलला नाही. साठीकडे झुकलेला, शिडशिडीत, सावकाश काम करणारा माणूस. तो मान खाली घालून आपली सोल्डरिंगची कामं करत बसायचा. त्याने एकदा तरी भांडावं म्हणून संजीवनी तळमळत होती. भांडला असता तर तिने त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं असतं, आणि त्याच्याकडून जे ऐकायचं ते ऐकलं असतं. तिला फक्त एक वाक्य हवं होतं. देवदत्तने नाक्यावर, चार माणसांसमोर म्हणायचं, 'चूक माझी होती.' बस. त्यासाठी तिने आयुष्याची दिशा बदलली होती.

त्याआधी संजीवनी अंबरनाथच्या एमआयडीसीत मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, सकाळी जायचं, संध्याकाळी सोनिवलीला घरी यायचं. नवरा जितेश पिकअप चालवायचा. गाडी जुनीच घेतलेली. तिच्यातून भाजी जायची, विटा जायच्या, कुणाचं घरसामान जायचं, आणि लग्नसराईत हळदीची भाडी मिळायची. बदलापूर, वांगणी पट्ट्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. पिकअपच्या हौद्यात भोंगे, बाजूने निळे दिवे, पुढे नाचणारी पोरं. जितेशला त्या भाड्यांची भारी हौस होती.

एका लग्नसराईत गाडीचे ब्रेक लाईट लागेनासे झाले. हॅझर्डही गेला, म्हणजे गाडी अडली की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवायचं जे बटण असतं ते. जितेशने गाडी देवदत्तकडे नेली. देवदत्तने काम करून दिलं. दुसऱ्याच दिवशी अंधार पडता पडता वांगणीच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक बसलं. जितेशने गाडी कडेला घेतली, बाकीचे दिवे बंद करून हॅझर्डचं बटण दाबलं आणि मागे जाऊन स्टेपनी सोडवायला लागला. मागून टेम्पो आला. टेम्पोवाला पुढे कितीतरी वेळ एकच सांगत होता, "एकपण लाईट नव्हती हो गाडीला. काळोखात गाडी दिसलीच नाही."

जितेशचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

देवदत्त हॉस्पिटलात आला होता. हातात शहाळं, कपाळाला आठ्या. व्हरांड्यात संजीवनीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, वाईट झालं. पण माझ्याकडून गाडी निघाली तेव्हा लाईट चालू होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या."

तो हे बोलला नसता तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं. आत नवरा पाय गमावून पडलेला आणि हा माणूस शहाळं घेऊन स्वतःचं नाव धुवायला आला, असं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. "म्हणजे माझा नवरा खोटं बोलतो?" तिने विचारलं. तिने शहाळं व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "हे घेऊन जा. आणि याद राखा देवदत्तभाऊ, तुमच्या तोंडून मी वदवून घेईन. सगळ्यांसमोर."

बाई बोलली तशी वागली. कारखाना सोडला आणि अंबरनाथला धर्मराज मिस्त्रींकडे वायरिंग शिकायला गेली. मिस्त्रींनी आधी तिला नुसते बॅटरीचे टर्मिनल घासायला बसवलं. ती आठवडेच्या आठवडे घासत बसली. दात-ओठ खाऊन घासत होती. एकदा मिस्त्री म्हणाले, "अगं, टर्मिनल आहे ते, कुणाचं नरडं नाही." ती हसली नाही. वाइंडिंगमुळे तारेला हात सरावलेला होता, त्यामुळे बाकीचं भराभर आलं. अपघाताची पिकअप तिने भंगारात दिली नाही. मागचा चेंदामेंदा झालेला हौदा बदलून घेतला, मागचं वायरिंग स्वतः नवं ओढलं, गाडी चालवायला शिकली आणि तिच्यातच अवजारं भरून एक दिवस कॅम्प पाचच्या नाक्यावर येऊन उभी राहिली.

आणि जितेश? तो ओट्यावर बसून असायचा. नकली पाय लावायचा, कंटाळा आला की काढून ठेवायचा. संध्याकाळी संजीवनी घरी येऊन त्या दिवशी देवदत्तची कशी जिरवली ते सांगायला लागली की तो खाली बघायचा. कधी म्हणायचा, "सोड ना आता, संजू. झालं ते झालं." तेव्हा तिला भरून यायचं. पाय गेला तरी या माणसाचं मन किती मोठं, असं वाटायचं. आणि ज्याने या देवमाणसाला असं बसवलं त्याच्यावर ती दुसऱ्या दिवशी दुप्पट तुटून पडायची.

एक गोष्ट मात्र तिने घरी सांगितली नव्हती. देवदत्तची मुलगी उन्नती. शिकलेली, शांत पोर. बदलापूरचं एक चांगलं स्थळ तिला सांगून आलं होतं. मुलाकडचे लोक रीतीप्रमाणे आजूबाजूला चौकशी करत फिरत होते, माणसं कशी आहेत, बापाचं नाव कसं आहे. नाक्यावर चहा पिता पिता त्यांनी नेमकं संजीवनीलाच विचारलं. तिने हातातलं काम थांबवलं, पदराने पुसावेत तसे शर्टाच्या बाहीने हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "बाप कसा आहे ते माझ्या नवऱ्याच्या पायाला विचारा." मग सगळं सांगितलं. रंगवून नाही, तिच्या समजुतीप्रमाणे खरं तेच. ते लोक पुन्हा आले नाहीत. देवदत्तच्या घरी कुणाला कळलं नाही की मोडता कुणी घातला. उन्नती काही दिवस घराबाहेर पडली नाही, आणि मग वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर येऊन बसायला लागली. समोर ती पोरगी दिसली की संजीवनीला थोडं चुकल्यासारखं व्हायचं. ते ती झटकून टाकायची. माझ्या घरातला माणूस बसून आहे, तर त्यांच्या घरातलंही बसू दे.

हिशेब असा जमत आला होता, पण बाईच्या स्वतःच्या गाडीनेच तिला दगा दिला.

पिकअपचे ब्रेक लाईट आणि हॅझर्ड अधूनमधून जायचे. दोन्ही एकदम. मागचे साधे लाल दिवे चालू, उजवे-डावे इंडिकेटर चालू, आणि नेमके हे दोन बंद. फ्यूज बघावा तर जळलेला. नवा घातला की पुन्हा सगळं लख्ख. आठवडा जायचा, कधी महिना, आणि परत तेच. संजीवनीने बल्ब बदलले, गंजलेले होल्डर बदलले, अर्थिंग घासून पुसून घट्ट केलं, ब्रेकच्या पेडलचा स्विच बदलला, इंडिकेटर टिकटिकवणारा फ्लॅशर बदलला. मागचं वायरिंग तर दोनदा उपसलं, कारण ठोकर मागून बसलेली, तेव्हा दोषही मागेच असणार. पार्ट्सचं दुकान चालवणारे टेकचंद सेठ हसून म्हणायचे, "बेटी, इतना सामान तो मैंने पूरी गाडी में नहीं बेचा, जितना तूने पीछे लगाया." ती फणकारून निघून जायची. लोकांच्या गाड्यांतला दोष ती चुटकीसरशी काढायची. स्वतःच्या गाडीपुढे मात्र हात टेकले होते.

मग एका सकाळी नाक्यावर वळताना तिने ब्रेक मारला आणि मागून येणारी शाळेची व्हॅन अगदी हौद्याला टेकता टेकता थांबली. आत पोरं किंचाळली. व्हॅनवाला खाली उतरला आणि सगळा नाका ऐकेल असा बोंबलला, "ओ मॅडम, दुनियेच्या लाईट फुकट बघता, आपल्या बघा की! ब्रेक लाईट कुठंय?"

नाका हसला. रिक्षावाले हसले, चहावाला हसला. संजीवनीने सवयीने समोर बघितलं. देवदत्त हसत नव्हता. तो कामातून मान वर करून तिच्या गाडीकडे बघत होता, आणि काहीतरी बोलावं की नाही असा चेहरा करून पुन्हा खाली वाकला. हसला असता तर परवडलं असतं. त्या दिवशी तिने टपरी उघडलीच नाही. गाडी वळवली आणि तडक सोनिवलीचा रस्ता धरला.

धर्मराज मिस्त्रींची एक युक्ती होती. फ्यूज सारखा जळत असेल तर फ्यूज घालायचाच नाही. त्याच्या जागी हेडलाईटचा मोठा बल्ब तारेने जोडायचा. वायर कुठे बॉडीला चिकटत नसेल तर बल्ब विझलेला राहतो. चिकटली की भपकन पेटतो आणि फ्यूजही वाया जात नाही. संजीवनीने हे पूर्वी केलं होतं, पण उभ्या गाडीत, आणि उभ्या गाडीत तो बल्ब कधी पेटलाच नव्हता. आज रागाच्या भरात तिला सुचलं की दोष चालताना येतो तर चालतानाच पकडायला हवा. तिने बल्ब डॅशबोर्डवर टेपने चिकटवला आणि गाडी मुद्दाम खराब रस्त्याला घातली. सोनिवलीत नव्या बिल्डिंगांसाठी रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे खड्ड्यांना तोटा नव्हता.

एका मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं आणि बल्ब भपकन पेटला. लगेच विझला.

तिने गाडी तिथेच कडेला घेतली. हौद्याकडे जाऊन वाकून बसणार, एवढ्यात तिच्या मनात आलं, आधी पुढेच बघू. मुठीने तिने डॅशबोर्डवर ठोकायला सुरुवात केली. डावीकडे काही नाही. मधे काही नाही. स्टिअरिंगच्या उजवीकडे, मीटरच्या खाली ठोकलं आणि बल्ब पेटला. पुन्हा ठोकलं, पुन्हा पेटला. इतक्या वर्षांत इथे तिने स्क्रूड्रायव्हर लावला नव्हता. ठोकर मागून होती ना.

मीटर बाहेर काढून तिने आत टॉर्च मारला. फ्यूजकडून येणाऱ्या जाड वायरवर एक जोड होता. जोडावर पिवळी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी चढवलेली, आत नीट सोल्डर. हे काम देवदत्तचं. पिवळी स्लीव्ह त्याच्याशिवाय नाक्यावर कुणी घालत नव्हतं, आणि तिने त्याची इतकी कामं डोळ्यांत तेल घालून तपासली होती की ते हात तिने झोपेतही ओळखले असते. सापडला, तिला वाटलं. शेवटी सापडला. आता हा जोड असाच्या असा कापून नाक्यावर नेते आणि त्याच्या समोर आपटते.

पण दोष जोडात नव्हता. जोड पक्का होता. ती पिवळी स्लीव्ह ब्लेडने उभी चिरलेली होती आणि त्या चिरेतून आत एक निळी वायर नुसती पिळून बसवलेली होती. सोल्डर नाही, काही नाही. वरून टेपऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती निळी वायर हातभर खाली येऊन तुटक टोकाने लोंबत होती आणि खड्ड्यात गाडी हलली की ते उघडं टोक लोखंडी पट्टीला लागत होतं.

ट्यूबच्या पट्ट्या कापून काय काय बांधायची सवय संजीवनीच्या घरातच होती. बादलीची कडी, खुर्चीचा पाय, नकली पायाचा सैल झालेला पट्टा, सगळीकडे जितेशच्या त्या काळ्या पट्ट्या. आणि स्लीव्ह चिरलेली म्हणजे ही वायर देवदत्तच्या कामानंतर जोडलेली. देवदत्तचं काम आणि अपघात यांच्यात एकच दिवस होता.

ती गाडीतच बसून राहिली. रडू आलं नाही. कानशिलं तापली. हा राग ओळखीचा होता, फक्त तो कुणावर करायचा ते बदललं होतं. तिने निळी वायर मुळापासून कापली, ट्यूबच्या पट्टीसकट मुठीत धरली, मीटर बसवलं, नवा फ्यूज घातला आणि घरी गेली.

जितेश ओट्यावर वाल सोलत बसला होता. तिने मूठ त्याच्या समोर उघडली.

"हे काय आहे?"

त्याने वायरकडे बघितलं आणि वालाची शेंग हातात तशीच राहिली. लग्नापासून नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई त्या क्षणी अरेतुरेवर आली.

"बोल. काय आहे हे?"

"हळदीची लाईन आहे," जितेश पुटपुटला. "निळ्या दिव्यांची. त्या दिवशी वांगणीचं भाडं होतं ना."

"देवदत्तने लाईट करून दिल्यावर जोडलीस?"

"तो बोलला होता, ह्या फ्यूजवर दुसरं काय लावू नको, दिव्यांना बॅटरीवरनं वेगळी लाईन घे. मला टाइम नव्हता. म्हटलं एका रात्रीचा तर सवाल आहे. फ्यूज उडाला असणार रस्त्यात. मला कळलंच नाही."

"आणि हे दिवे? मला गाडीत दिवे दिसले नाहीत."

"हॉस्पिटलातनं महेशला फोन केला. दिवे त्याचेच होते. त्यानं रातोरात कापून नेले."

म्हणजे पाय कापायच्या आधी याला दिवे कापायचं सुचलं होतं.

"मला का नाही बोललास?"

"ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा तू व्हरांड्यात त्याला झापत होतीस. मला आत ऐकू येत होतं. मग कसं बोलणार?"

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

जितेशने शेंग खाली ठेवली. "नंतर तू शिकायला लागलीस. गाडी चालवायला लागलीस, दुकान टाकलंस. पाय माझा गेला, पण उभी तू राहिलीस. ते सगळं त्याच्यावरच्या रागावर उभं होतं, संजू. मी बोललो असतो तर कोसळली असतीस. आणि..." तो थांबला. "आणि मला बरं वाटायचं. माझी चूक दुसरा कुणी भरतोय याचं."

निदान एवढं तरी तो खरं बोलला. पण संजीवनी त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत नव्हती. मोठं मन म्हणून तिने ज्याची पूजा केली होती, ती भीती होती. लबाडी होती. आपण नवऱ्यासाठी लढतोय असं समजून ती एका निरपराध माणसाच्या हात धुऊन मागे लागली होती, आणि हा वाल सोलत होता.

"पाय लाव," ती म्हणाली. "आणि गाडीत बस."

"कुठे?"

"नाक्यावर. जे त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं ते तू बोलायचंस. सगळ्यांसमोर."

"संजू, लोक काय म्हणतील?"

"मला काय काय म्हणतात ते आज मी ऐकून आले. आता तुझी पाळी."

सोनिवलीपासून कॅम्प पाचपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. जितेश दोनदा बोलायला गेला, पण तिने गिअर असा टाकला की तो गप्प बसला. नाक्यावर दुपारची गर्दी होती. तिने पिकअप नेहमीच्या जागी न लावता रस्त्याच्या पलीकडे नेली आणि थेट देवदत्तच्या दुकानासमोर उभी केली. चहावाल्याने गॅस बारीक केला. आज काहीतरी मोठं होणार हे सगळ्यांना कळलं. गल्ल्यावरची उन्नती उठून आतल्या खोलीत गेली. संजूताईचा आवाज चढला की ती नेहमीच आत जायची.

संजीवनीने जितेशला दंडाला धरून उतरवलं आणि कापलेली वायर त्याच्या हातात दिली. "बोल."

जितेश बोलला. अडखळत, घाम पुसत, पण बोलला. हळदीचे दिवे, ट्यूबची पट्टी, देवदत्तने दिलेली ताकीद, महेशने कापून नेलेले दिवे. शेवटी म्हणाला, "देवदत्तभाऊ, तुमची चूक नव्हती. माझी होती."

कुणी हसलं नाही. एक रिक्षावाला नुसता "अरे देवा" म्हणाला. संजीवनीला वाटलं की आता देवदत्त जितेशवर तुटून पडेल, त्याला शिव्या घालेल, आणि तिलाही बघायला बरं वाटेल. देवदत्तने वायर हातात घेतली, ट्यूबच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि ती टेबलावर ठेवली. मग जितेशकडे ढुंकूनही न बघता तो संजीवनीकडे वळला.

"वहिनी, ह्याचं झालं. आता तुम्ही बोला."

"मी?"

"हा तर घरात बसला होता. माझ्यासमोर दुकान ह्यानं टाकलं नाही. पाटी ह्यानं लावली नाही. रोज सकाळी माझ्या नावानं नाक्यावर हा ओरडला नाही." देवदत्तचा आवाज अजूनही चढला नव्हता, पण ओठ थरथरत होते. इतकी वर्षं हा माणूस शांत आहे असं सगळे समजत होते. तो शांत नव्हता, तो वाट बघत होता. "तुम्ही बोला. सगळ्यांसमोर."

तेच शब्द. तिनेच व्हरांड्यात वापरलेले. मान खाली घालून ती म्हणाली, "मी चुकले. तुमचा काही दोष नव्हता."

"ऐकू आलं नाही. ओरडताना तुमचा आवाज मोठा असतो."

तिने मान वर केली आणि नाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी चुकले! देवदत्तभाऊंचं काम चोख होतं! मी खोटी बदनामी केली!"

आतल्या खोलीच्या दारात उन्नती येऊन उभी राहिली होती. देवदत्तने सुस्कारा टाकला. त्याचं मागणं पुरं झालं होतं. तो खुर्चीकडे वळलासुद्धा. संजीवनीला तिथून निघता आलं असतं. पण दारातल्या त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं की या दोघांना तिचा सगळा गुन्हा माहीतच नाही. गप्प बसली असती तर कधी कळलाही नसता. जितेशसारखं गप्प बसायचं, आणि मग वाल सोलायचे.

"अजून आहे," ती म्हणाली. आवाज आता मोठा नव्हता, पण नाका इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "उन्नती, बदलापूरचे लोक आले होते ना तुझ्यासाठी. त्यांना तुझ्या बाबांबद्दल मी सांगितलं. इथेच. ते परत आले नाहीत ते माझ्यामुळे."

देवदत्त गर्रकन वळला. त्याने उचललेली सोल्डर गन टेबलावर आदळली. "गाडी काढा इथून," तो पहिल्यांदाच ओरडला. "काढा म्हणतो ना!"

जितेश घाबरून तिला ओढायला लागला. "चल संजू, चल."

"गप बस तू," ती म्हणाली आणि जागेवरून हलली नाही.

उन्नती पायरी उतरून खाली आली. संजीवनीच्या अगदी समोर उभी राहिली. थोबाडीत मारेल असं सगळ्यांना वाटलं, आणि संजीवनीने ती खायची तयारीही केली. पोरगी रडत नव्हती. तिच्या कानशिलावरची शीर उडत होती आणि दात एकमेकांवर घट्ट बसले होते. हा चेहरा बाकी कुणाला नसेल, पण संजीवनीला चांगला कळत होता. टर्मिनल घासताना तिचा स्वतःचा असाच असायचा.

"काकू," उन्नती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही दुकान बंद करणार का आता?"

तेच करायचं संजीवनीने येताना ठरवलं होतं. आजच पाटी उतरवायची, टपरी हलवायची, पुन्हा कारखाना गाठायचा. तिने होकाराची मान हलवली.

"नाही करायचं. उद्या सकाळी उघडायचं. रोज उघडायचं." उन्नती तिच्या डोळ्यांतून नजर काढत नव्हती. "मी समोर बसलेली असेन."

एवढं बोलून ती आत गेली आणि गल्ल्यावर जाऊन बसली, तोंड रस्त्याकडे करून. संजीवनीने जितेशला गाडीत चढवलं, स्वतः चढली आणि किल्ली फिरवली. तिला त्या काउंटरकडे बघवत नव्हतं.

"काय बोलली ती?" जितेशने विचारलं. "मला नीट ऐकू नाही आलं."

"उद्या दुकान उघडा म्हणाली," संजीवनी म्हणाली आणि तिने गिअर टाकला.